काय बदलायचं आणि काय नाही: जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरकडून शिकूया दुरुस्तीचा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत दुरुस्तीच्या व्यवसायाबद्दल जे थोडक्यात सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण पुढे हिशोबही आहे.

आजचं उदाहरण जरा वेगळं आहे. मसाले नाहीत, टी-शर्ट प्रिंटिंग नाही. आज आपण बोलणार आहोत साठ वर्षं जुन्या गिटार ॲम्प्लिफायरबद्दल, आणि तो उघडून, तपासून, हाताने पुन्हा उभा करायच्या कामाबद्दल. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये एकेकट्या कारागिराची वर्कशॉप्स या कामावर चालतात. टेबल, सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि विश्वास, एवढंच भांडवल.

"पण सर, आपल्याकडे असे ॲम्प आहेतच कुठे?" बरोबर आहे, मोजकेच आहेत. तरीही हे उदाहरण घेतलं, कारण दुरुस्तीच्या धंद्यातले सगळे अवघड प्रश्न या एका खोक्यात सापडतात. किती बदलायचं? काय जपायचं? किती पैसे घ्यायचे? आणि चुकलं तर काय होतं? तुम्ही शिलाई मशीन दुरुस्त करा, हार्मोनियम करा नाहीतर जुनी घड्याळं करा, प्रश्न हेच आहेत.

आधी ओळख करून घेऊ

आपल्या आजोबांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा. बटण फिरवलं की आधी दिवा लागायचा, मग व्हॉल्व्ह तापायचे आणि अर्ध्या मिनिटाने आवाज यायचा. गिटारचा जुना ॲम्प म्हणजे त्याच घराण्यातला भाऊ. गिटारच्या तारेतून येणारा अगदी बारीक विद्युत संदेश व्हॉल्व्हमधून मोठा होतो आणि स्पीकरपर्यंत जातो.

उदाहरणासाठी एकच मॉडेल धरू: फेंडर कंपनीचा 'डिलक्स रिव्हर्ब'. हा १९६३ साली कॅलिफोर्नियात बनायला लागला. काळं पॅनेल, बारा इंची एक स्पीकर, साधारण २२ वॅट. आत एकूण नऊ व्हॉल्व्ह. सहा छोटे, दोन पॉवरचे ६व्ही६ आणि एक जीझेड३४, जो एसीचं डीसी करतो.

ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओतून व्हॉल्व्ह गेले, गिटारवाल्यांकडून मात्र गेले नाहीत. कारण सोपं आहे. व्हॉल्व्हवर जास्त भार टाकला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू गोल होत जातो. त्या 'फाटलेल्या' आवाजावरच रॉक आणि ब्लूज उभं राहिलं. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तांत्रिक दोष हाच गिऱ्हाइकाला हवा असलेला गुण ठरला. हे आधी समजून घ्या, कारण पुढे दुरुस्ती करताना 'सुधारणा' करायच्या नादात हाच गुण घालवून बसणारे खूप असतात.

एका अकाउंटंटचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान

ही कंपनी काढणारे लिओ फेंडर शिक्षणाने अकाउंटंट. गिटार वाजवायला ते कधीच शिकले नाहीत! १९३८ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात रेडिओ यायचे, तसेच वादकांचे बिघडलेले ॲम्पही यायचे. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते, एकच भाग पुन्हा पुन्हा जळतो, हे दुरुस्तीच्या टेबलावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही मार्केट सर्व्हेत दिसत नाही. त्यातून ते स्वतःचे ॲम्प आणि गिटार बनवायला लागले. बनवलेली वस्तू स्थानिक वादकांच्या हातात द्यायची, त्यांचं ऐकायचं, बदलायची, हीच त्यांची पद्धत. १९६५ साली सीबीएस या मोठ्या कंपनीने हा व्यवसाय १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतला.

आता लंडनला या. हॅनवेल भागात जिम मार्शल ड्रम शिकवायचे आणि वाद्यांचं दुकान चालवायचे. तिथे येणारी तरुण गिटारवादक पोरं म्हणायची, आम्हाला अमेरिकन ॲम्पसारखा दणका पाहिजे, पण तो आयात माल फार महाग पडतो. मार्शल यांच्या दुकानात दुरुस्तीचं काम बघणारे केन ब्रॅन आणि त्यांच्याबरोबरचा तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या 'बासमन' ॲम्पचं सर्किट समोर ठेवलं आणि इंग्लंडमध्ये मिळणारे भाग वापरून तसाच ॲम्प बांधला. ट्रान्सफॉर्मर वेगळा, स्पीकर वेगळे, पुढे व्हॉल्व्हही वेगळे. त्यामुळे आवाजही थोडा वेगळा आला, आणि तोच पुढे 'मार्शल साउंड' म्हणून जगभर गाजला. या पहिल्या मॉडेलचं नाव जेटीएम४५. जे म्हणजे जिम, टी म्हणजे मुलगा टेरी, एम म्हणजे मार्शल.

दोन्ही गोष्टींत एक धागा आहे. दुरुस्तीचं टेबल हीच त्यांची शाळा होती. म्हणून "मी काय, नुसता रिपेअरवाला" असं कधी म्हणू नका.

कामाचा क्रम

आता खरं काम. हा क्रम नीट वाचा, कारण क्रम हाच इथे पैसा आहे.

पायरी १: आधी जीव सांभाळा

या खोक्यात ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये (जुने मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात) चार्ज साठून राहू शकतो. तो माणसाला मारू शकतो. म्हणून चॅसी बाहेर काढली की पहिलं काम म्हणजे रेझिस्टर जोडलेल्या वायरने चार्ज उतरवायचा आणि मीटरने शून्य आलंय का ते स्वतः बघायचं. "उतरला असेल" हा शब्द या टेबलावर चालत नाही. चालू ॲम्पमध्ये मोजमाप करायचं असेल तर एक हात खिशात ठेवायची जुनी सवय आहे, म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही. ज्यांना उच्च व्होल्टेजचं काम येत नाही, त्यांनी ते जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय करू नये. व्हिडिओ बघून तर नाहीच, माझासुद्धा!

पायरी २: ओळखपत्र वाचा

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी कॅमेरा घ्या. आतली प्रत्येक वायर, प्रत्येक जोड, सगळ्याचे फोटो काढा.

मग तारीख शोधा. त्या काळातल्या फेंडरच्या खोक्यात आत एक कागद चिकटवलेला असतो, कुठला व्हॉल्व्ह कुठे ते सांगणारा. त्यावर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्ष, दुसरं महिना. 'एन' म्हणजे १९६४, 'ओ' म्हणजे १९६५. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-४-२४ असा आकडा असेल तर ६०६ हा शूमाकर या उत्पादकाचा क्रमांक, ४ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि २४ म्हणजे चोविसावा आठवडा. आवाजाच्या बटणामागच्या पॉटवर १३७ असेल तर तो सीटीएसचा, ३०४ असेल तर स्टॅकपोलचा. हे सगळे आकडे एकमेकांशी जुळले तर वस्तू मूळची आहे. ट्रान्सफॉर्मर १९६४ चा आणि स्पीकर १९७८ चा निघाला, तर कोणीतरी मध्ये हात घातलाय.

हे कस्टमरला पहिल्याच दिवशी लेखी कळवा. नाहीतर महिन्याभराने तो म्हणेल, "स्पीकर तुम्हीच बदललात."

पायरी ३: तीन ढीग करा

इथे कारागीर आणि 'पार्ट बदलणारा' यांच्यातला फरक दिसतो.

पहिला ढीग, बदलायलाच हवं असं. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. डिलक्स रिव्हर्बमध्ये चॅसीवर एका पत्र्याच्या झाकणाखाली असे पाच असतात, मूळचे १६ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे. आतला द्रव वर्षानुवर्षं सुकतो, मग ॲम्प घुमतो, आणि एक दिवस शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर जाळतो. बायस सर्किटमधला छोटा कपॅसिटरही याच ढिगात. तसंच दोन पिनांची जुनी केबल. तिच्या जागी अर्थिंगसह तीन पिनांची घालायची आणि अर्थिंग थेट चॅसीला पक्की करायची. मेन लाइनपासून चॅसीपर्यंत एक छोटा कपॅसिटर असतो, तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांपर्यंत लाइन येते. तंत्रज्ञ त्याला 'डेथ कॅप' म्हणतात, नावातच सगळं आलं. तो काढायचा.

दुसरा ढीग, मोजून ठरवायचं असं. जुने कार्बनचे रेझिस्टर. १०० किलोओहमचा रेझिस्टर वर्षांनंतर बराच वर सरकलेला सापडतो, कधी खरखर करतो. मोजा, खराब असेल तोच बदला. सॉकेट, जॅक, पॉट आधी साफ करा. निम्म्या तक्रारी धुळीच्या आणि सैल पडलेल्या सॉकेटच्या असतात.

तिसरा ढीग, हात लावायचा नाही असं. ट्रान्सफॉर्मर चांगले असतील तर ते. मूळचा स्पीकर. बोर्डावरचे ते निळे कपॅसिटर, ज्यांतून डीसी गळत नसेल तर ते आजही छान चालतात आणि जुना आवाज हवा असणारे लोक त्यांना जपतात.

पायरी ४: वीज हळूच द्या

थेट प्लग खुपसायचा नाही. आपले इलेक्ट्रिशियन सिरीज बोर्ड वापरतात ना, तोच इथे लागतो. ॲम्पच्या आधी एक साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखकन पेटतो आणि ॲम्प वाचतो. आधी रेक्टिफायर आणि पॉवर व्हॉल्व्ह काढून ट्रान्सफॉर्मर तपासा, बायसचं उणे व्होल्टेज येतंय का बघा. या मॉडेलला ते उणे ३५ व्होल्टच्या आसपास अपेक्षित असतं. ते नसताना पॉवर व्हॉल्व्ह बसवले तर त्यांची पत्र्याची प्लेट लाल होऊन व्हॉल्व्ह संपतात. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

पायरी ५: बायस लावा

सोपं गणित आहे. जुन्या ६व्ही६ची मर्यादा १२ वॅट. त्याच्या ७० टक्के म्हणजे ८.४ वॅट. प्लेटवर ४१५ व्होल्ट मिळाले तर ८.४ भागिले ४१५, म्हणजे साधारण २० मिलिअँपिअर. प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर जोडला की मीटरवर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर. कमी ठेवलं तर आवाज कोरडा, जास्त ठेवलं तर व्हॉल्व्हचं आयुष्य कमी. आकडा वहीत लिहा, तारीख टाका.

पायरी ६: चालवून बघा

दोन तास सलग वाजवा. तापल्यावरच सुटणारं ड्राय सोल्डर थंड ॲम्पमध्ये सापडत नाही. कस्टमरच्या घरी सापडण्यापेक्षा तुमच्या टेबलावर सापडलेलं बरं.

खरी जोखीम कुठे आहे?

समजा तुम्ही नवखे आहात. उत्साहाने सगळे जुने भाग उपटून काढलेत, नवे चकचकीत बसवलेत, खोक्याचं काळं कव्हरही नवीन केलंत. ॲम्प उत्तम वाजतोय. तुम्ही खूश. आणि मालक डोक्याला हात लावून बसलाय. कारण संग्राहकांच्या बाजारात मूळ भाग असलेल्या ॲम्पला जो भाव मिळतो, तो सगळं बदललेल्याला मिळत नाही. तुम्ही मेहनत केलीत आणि त्याची मालमत्ता कमी केलीत.

उलट बाजूही आहे. "मूळचं काहीच बदलू नका" असा हट्ट कस्टमरने धरला आणि तुम्ही जुने फिल्टर कपॅसिटर आणि दोन पिनांची केबल तशीच ठेवलीत, तर उद्या कोणालातरी शॉक बसेल. तेव्हा "त्यांनीच सांगितलं होतं" हे उत्तर चालणार नाही.

म्हणून माझा नियम सरळ आहे. सुरक्षेचं काम कस्टमरच्या मर्जीवर सोडायचं नाही. ते नको असेल तर काम घ्यायचं नाही, हात जोडून परत द्यायचं. बाकी प्रत्येक बदल त्याला विचारून, लिहून, सही घेऊन. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून त्याला परत द्यायचा. ती पिशवी हीच तुमची जाहिरात आहे. तो ती दहा मित्रांना दाखवतो.

आता हिशोब

इथले आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा घरखर्चाला महिना ४०,००० लागतात. वर्कशॉपचं भाडं, वीज, हत्यारांची झीज १५,०००. एकूण ५५,०००. महिन्यात २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. पण सगळे तास बिलात येतात का? फोन, माल आणणं, कस्टमरशी गप्पा, कोटेशन यांत निम्मे जातात. उरले १००. म्हणजे तासाचा दर झाला ५५० रुपये. हा नफा नव्हे, नुसता जगण्याचा दर.

एका ॲम्पचे तास बघा:

- तपासणी आणि फोटो: २
- कपॅसिटर: ३
- रेझिस्टर आणि सोल्डरिंग: ३
- सॉकेट, पॉट, जॅक साफ करणं: २
- बायस आणि मोजमाप: १
- चालवून बघणं: २
- रिपोर्ट आणि कस्टमरला समजावणं: १

एकूण १४ तास. १४ गुणिले ५५० म्हणजे ७,७००. सुटे भाग समजा ८,०००चे. ते शोधणं, मागवणं, खराब निघाले तर परत करणं याचे २० टक्के, म्हणजे ९,६००. बेरीज १७,३००. काम परत आलं तर फुकट करून द्यावं लागतं, त्यासाठी १० टक्के बाजूला, म्हणजे १,७३०. झाले १९,०३०.

नवखा माणूस काय करतो? "पार्टचे ८,००० आणि मजुरी ३,००० द्या." १४ तासांना ३,००० म्हणजे तासाला जेमतेम २१४ रुपये. सहा महिन्यांत दुकान बंद, आणि म्हणतो काय, "या धंद्यात पैसा नाही." अरे भाऊ, पैसा होता, तू मोजलाच नाहीस!

यात दोन गोष्टी पक्क्या ठेवा. तपासणीची फी वेगळी आणि आगाऊ. काम दिलं तर बिलात वळती करा, नाही दिलं तरी तुमचे दोन तास वाया जात नाहीत. आणि अंदाजापेक्षा खर्च वाढतोय असं दिसलं की काम थांबवून फोन करा. बिल देताना धक्का दिलेला कस्टमर पुन्हा येत नाही.

माल कुठून येतो यावर नजर

नवे व्हॉल्व्ह आज जगात मोजक्याच ठिकाणी बनतात. मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे गिटारवाल्यांच्या व्हॉल्व्हचा पुरवठा अचानक अडला आणि भाव वाढले. ज्यांनी जुन्या दराने कोटेशन दिली होती, त्यांचं गणित बिघडलं. म्हणून कोटेशनवर मुदत लिहा: "हा दर १५ दिवसांसाठी." आणि जे भाग दर कामाला लागतात, ते दोन-तीन कामांपुरते घरात ठेवा. त्याहून जास्त नको, पैसा कपाटात अडकतो.

आपल्याकडे काय?

आपल्याकडेही व्हॉल्व्हची परंपरा होतीच. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनायचे, आणि ते आजही जुने शौकीन शोधत असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात. जुन्या पिढीतल्या रेडिओ मेकॅनिककडे हे ज्ञान अजून आहे. तुमच्या गावात असे काका असतील तर आजच जाऊन भेटा.

परदेशातून आलेला ॲम्प हाती आला तर एक गोष्ट विसरू नका. अमेरिकन माल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावला तर फ्यूज उडेल किंवा ट्रान्सफॉर्मर जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि तोही पुरेशा वॅटचा. त्यातही ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, म्हणून तापमानावर लक्ष ठेवा.

फक्त व्हॉल्व्ह ॲम्पवर घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण त्यासोबत गिटार पेडल, कीबोर्ड, मिक्सर, स्टुडिओची उपकरणं धरलीत तर गिऱ्हाईक तेच, टेबल तेच, मीटरही तोच. मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर बघा. नवीन सतार बनवतात, तशीच जुनीही दुरुस्त करतात. एकाच हातातून दोन्ही कामं निघतात, म्हणून मंदीत टिकतात.

आजचं होमवर्क

१. तुमच्या तासाचा दर काढा. वरच्या पद्धतीने, आज रात्रीच.

२. तुमच्या कामातले तीन ढीग लिहा: बदलायलाच हवं, मोजून ठरवायचं, हात लावायचा नाही.

३. एका पानाचा तपासणी-फॉर्म बनवा. त्यात फोटो, आधीची अवस्था, अंदाज, मुदत आणि कस्टमरची सही या पाच जागा असल्याच पाहिजेत.

४. घरातली एखादी जुनी, बिनविजेची वस्तू घ्या, उघडा, फोटो काढा, साफ करा, पुन्हा जोडा. किती तास लागले ते प्रामाणिकपणे लिहा. आपण मनात धरतो त्याच्या दुप्पट निघतात, बघा!

फॉर्म तयार झाला की पहिल्या तीन कस्टमरवर वापरून बघा आणि कुठे अडतं ते टिपून ठेवा. पुढच्या व्हिडिओत आपण लेखी कोटेशन कसं लिहायचं ते ओळ-न्-ओळ करणार आहोत, तेव्हा तो कागद समोर असू द्या.

भेटूया. कामाला लागा!